दिसते तसे उडते का?

विज्ञान प्रदर्शनात अग्निबाण हमखास असतो. थर्मोकोलचा किंवा पुठ्ठ्याचा, पांढऱ्या रंगावर तपकिरी पट्टे, बाजूला तिरंगा आणि खाली ठळक अक्षरांत ‘पीएसएलव्ही’. मुले पाठ केलेली माहिती सांगतात, परीक्षक मान डोलावतात, छायाचित्र निघते आणि प्रदर्शन संपल्यावर तो बाण कपाटावर जाऊन बसतो. त्यामागे मुलांचे चार-सहा दिवसांचे कष्ट असतात, शिक्षकांचा उत्साह असतो आणि कधी पदरचे पैसेही असतात. म्हणूनच या वस्तूची थोडी कठोर चिकित्सा करणे आवश्यक वाटते. जी गोष्ट इतक्या शाळांत, इतक्या आपुलकीने केली जाते, तिच्यातून मुलांच्या हाती काय पडते, हे पाहिलेच पाहिजे.

या बाणासमोर उभे राहून तीनच प्रश्न विचारावेत. मूळ वस्तूच्या तुलनेत हा किती पट लहान आहे? याचा तोल कोठे आहे? आणि हा उडाला, तर सरळ जाईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘साधारण’ या शब्दाने सुरू होते. दुसरा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. तिसऱ्यावर मुले हसतात, कारण प्रदर्शनातला बाण उडण्यासाठी नसतो, हे त्यांनी गृहीतच धरलेले असते. माझा आक्षेप नेमका या गृहीतकावर आहे.

प्रमाण म्हणजे काय?

पीएसएलव्हीची उंची ४४ मीटर, व्यास २.८ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वस्तुमान सुमारे ३२० टन. १:४० हे प्रमाण घेतले, तर प्रतिकृतीची उंची १ मीटर १० सेंटिमीटर आणि व्यास ७ सेंटिमीटर होतो. येथवर काम सोपे आहे. पाचवीच्या मुलालाही हा भागाकार जमेल. आता वस्तुमानाकडे वळू. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चाळीसपट कमी झाल्या, म्हणजे आकारमान ४० × ४० × ४० = ६४,००० पट कमी झाले. ३२० टन म्हणजे ३,२०,००० किलोग्रॅम. त्याला ६४,००० ने भागले की उत्तर येते ५ किलोग्रॅम. म्हणजे आकाराबरोबर वजनातही प्रामाणिक राहायचे, तर आपल्या बाणाचे वजन पाच किलो हवे. टेबलावरचा थर्मोकोलचा बाण अर्धा किलोही भरत नाही.

यात गैर काही नाही. गैर आहे ते हे की, ही तफावत कोणाच्या लक्षात येत नाही. ‘हुबेहूब’ या शब्दाखाली आपण फक्त बाह्य आकार मोजतो. वास्तविक प्रतिकृतीत निदान तीन स्वतंत्र गोष्टी असतात : आकार, वजन व त्याची वाटणी, आणि वर्तन. तिन्ही एकाच वेळी जपणे बहुतेक वेळा अशक्य असते. लांबी चाळीसपट कमी करता येते, पण पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण चाळीसपट कमी करता येत नाही. हवाही तीच राहते. म्हणून जाणता कारागीर आधी ठरवतो, की आपण काय राखणार आणि काय सोडणार. हे ठरवण्यातच विज्ञान आहे. रंग देण्यात नाही.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत धरणे, सांडवे, बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहतात. अशी प्रतिकृती १:१०० प्रमाणात केली, तर पाण्याचा वेग शंभरपट कमी धरून चालत नाही. गुरुत्वाकर्षण तेच असल्यामुळे वेग १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे दहापट कमी धरावा लागतो. आणि दर सेकंदाला वाहणारे पाणी एक लाखपट कमी. पाण्याचा चिकटपणा व पृष्ठताण मात्र या प्रमाणात लहान होत नाहीत. तेव्हा त्यांच्यामुळे किती चूक येईल, याचा वेगळा विचार करावा लागतो. तेथील अभियंते आपली प्रतिकृती धरणासारखी दिसते का, याची काळजी फारशी करत नाहीत. ती कोणत्या बाबतीत धरणासारखी वागते आणि कोणत्या बाबतीत वागत नाही, याची नोंद ते ठेवतात. शाळेतल्या बाणाकडून एवढीच अपेक्षा आहे.

मूळ वस्तू कोणती निवडावी?

प्रदर्शनातल्या बाणाचा दुसरा दोष निवडीचा आहे. पीएसएलव्ही किंवा जीएसएलव्ही हे आपल्या अभिमानाचे विषय आहेत, म्हणून त्यांचीच प्रतिकृती होते. पण ते प्रक्षेपक आपली दिशा स्वतः सांभाळतात. त्यांच्यातील उपकरणे कल क्षणोक्षणी मोजतात आणि बाहेर पडणाऱ्या वायूची दिशा बदलून तो दुरुस्त करतात. त्यामुळे त्यांना मोठ्या पंखांवर विसंबावे लागत नाही. त्यांचा आकार हुबेहूब घेऊन कोणी लहान बाण उडवला, तर तो हवेत कोलांट्या खाईल. इतर देशांत प्रमाणबद्ध उडते बाण करणारे हौशी लोक अशा वेळी पारदर्शक प्लॅस्टिकचे जादा पंख लावतात, म्हणजे दुरून आकार बिघडत नाही आणि बाणही सरळ जातो. ही तडजोड आहे, पण उघड केलेली तडजोड आहे.

त्यापेक्षा शाळेसाठी ‘रोहिणी’ मालिकेतले बाण कितीतरी योग्य. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला बाण उडाला, तो अमेरिकन बनावटीचा ‘नाइके-अपाची’ होता. त्यानंतर चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, भारतात बनवलेला आरएच-७५ उडाला. या नावातला आकडा मिलिमीटरमधील व्यासाचा आहे. पंचाहत्तर मिलिमीटर! शीतपेयाच्या लहान बाटलीचा व्यास याच्याच आसपास असतो. आपल्या अवकाश कार्यक्रमाचा पहिला स्वदेशी बाण मुलाच्या मुठीत जेमतेम मावणार नाही एवढ्याच जाडीचा होता, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. याची प्रतिकृती जाडीच्या बाबतीत १:१ प्रमाणात होऊ शकते! पुढे याच मालिकेत आरएच-१२५, आरएच-२००, आरएच-३०० आणि आरएच-५६० आले. आरएच-२०० आजही वातावरणाच्या अभ्यासासाठी वापरतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण झाले. ज्या पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनी थुंब्याच्या घन इंधन संशोधनाचे नेतृत्व केले, त्या महाराष्ट्रातल्या मुलांना हा इतिहास परका वाटू नये.

रोहिणी बाण निवडण्याचे शास्त्रीय कारण मात्र वेगळे आहे. ते पंखांच्या जोरावर सरळ जातात. म्हणजे आकारात जे दिसते, तेच त्यांचे वर्तन ठरवते. पंख लहान केले, मागेपुढे सरकवले, टोक जड किंवा हलके केले, की परिणाम लगेच दिसतो. जेथे आकार व वर्तन यांचा संबंध उघड आहे, तीच मूळ वस्तू शिकण्यासाठी चांगली.

एक अडचण सांगितली जाते, की मोजमापे कोठून आणायची? त्याला उपाय आहे. बाणाचे बाजूने घेतलेले एक स्वच्छ छायाचित्र मिळवावे. खरा व्यास ७५ मिलिमीटर हे आपल्याला माहीत आहे. समजा, चित्रात तो ६ मिलिमीटर भरला. म्हणजे चित्राचा एक मिलिमीटर म्हणजे खरे साडेबारा मिलिमीटर. मग चित्रात पंखाची रुंदी ४ मिलिमीटर असेल, तर खरी रुंदी ५० मिलिमीटर. एक खात्रीचे माप आणि एक चित्र यांवरून बाकीची सगळी मापे काढता येतात. चित्र तिरपे घेतलेले असेल तर ती चुकतील, हेही मुलांना याच ठिकाणी कळते. प्रमाण हा धडा गणिताच्या पुस्तकात राहत नाही, तो कात्रीच्या टोकाशी येतो.

उलट बाजूचा दोष

आता काही शाळांत बाटलीचा बाण उडवला जातो. बाटलीत थोडे पाणी, बुचातून नळी, सायकलचा पंप. बूच निसटते, पाणी खाली जाते आणि बाटली वर. मुले टाळ्या वाजवतात. हा प्रयोग थर्मोकोलच्या बाणापेक्षा शंभर पटीने बरा, यात शंका नाही. पण त्याचीही चिकित्सा हवी. बहुतेक वेळा शिक्षक ‘न्यूटनचा तिसरा नियम’ एवढे तीन शब्द उच्चारतात आणि तास संपतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अवकाश मोहिमा’ हा पाठ आहे. त्यातल्या नियमाचे हे प्रात्यक्षिक झाले, एवढ्यावर समाधान मानले जाते. क्रियेइतकी प्रतिक्रिया असते हे खरे, पण किती क्रिया? किती वेळ? बाटली किती उंच गेली? पाणी दुप्पट घातले तर दुप्पट उंच जाईल का? हे प्रश्न आले नाहीत, तर तो प्रयोग म्हणजे बिनआवाजाची आतषबाजी ठरतो.

वास्तविक या प्रयोगातले आकडे फार बोलके आहेत. एक लिटरची बाटली, पंख व टोक धरून रिकामे वस्तुमान १०० ग्रॅम, त्यात ३०० ग्रॅम पाणी, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा दोन वातावरणे जास्त, असे समजू. दोन वातावरणे म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे दोन लाख न्यूटन. या दाबाखाली पाणी बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर येतो. बाटलीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे पावणेचार चौरस सेंटिमीटर. दाब, क्षेत्रफळ आणि २ यांचा गुणाकार केला की रेटा मिळतो : सुमारे १५० न्यूटन. बाटलीचे पाण्यासह वजन चार न्यूटनही नाही. म्हणजे रेटा वजनाच्या जवळजवळ अडतीस पट! उपग्रह नेणाऱ्या मोठ्या प्रक्षेपकाचा रेटा उड्डाणाच्या क्षणी त्याच्या वजनाच्या दीड-दोन पटींच्या आसपास असतो, म्हणून तो सावकाश, भारदस्तपणे उचलला जातो. आपली बाटली मात्र डोळ्याचे पाते लवण्याआधी गेलेली असते, कारण सगळे पाणी बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे विसावा भाग पुरतो. म्हणजे हा बाण आकारात रोहिणीसारखा असला, तरी वर्तनात तसा नाही. आणि कशात नाही, ते आपण आकड्यांत सांगू शकतो. चांगली प्रतिकृती म्हणतात ती हीच.

पुढे जाऊन वेगाचा अंदाज करता येतो. भरलेल्या व रिकाम्या वस्तुमानांचे गुणोत्तर ४. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम १.३९. त्याला २० ने गुणले की सेकंदाला सुमारे २८ मीटर, आणि त्यावरून उंची सुमारे ३९ मीटर. प्रत्यक्षात बाटली इतकी चढणार नाही. पाणी बाहेर पडत असताना आतली हवा पसरते, दाब उतरतो, म्हणून पाण्याचा वेगही उतरत जातो. शिवाय हवेचा विरोध आहे. वीस-पंचवीस मीटर ही समाधानकारक उंची मानावी. कागदावरचे ३९ आणि मैदानावरचे २५ यांच्यातल्या चौदा मीटरांचा हिशेब मागणे, हा या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग आहे. तो न मागता मुलांना घरी पाठवणे म्हणजे पंगत वाढून ठेवून पानावरून उठवणे होय.

मणिबेलीची कसोटी

कोणत्याही शैक्षणिक साधनाची परीक्षा शहरातल्या सुसज्ज प्रयोगशाळेत करू नये. ती सर्वांत दूरच्या शाळेत करावी. महाराष्ट्राच्या नकाशावर वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रात प्रथम लागली ती या गावाला; १९९३ च्या पावसाळ्यात पाणी घरांपर्यंत आले. १९९४ मध्ये जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, असे सांगणारे निवेदन अनेक देशांतील संस्थांनी प्रसिद्ध केले, तेही ‘मणिबेली जाहीरनामा’ याच नावाने. या खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने ‘जीवनशाळा’ चालवल्या आणि गावकऱ्यांनी त्या उभ्या केल्या. अशा शाळेत थर्मोकोलचा पीएसएलव्ही नेऊन ठेवला, तर त्याचा काय उपयोग? आणि मोजून केलेला बाण तेथे काय देऊ शकेल?

पहिली गोष्ट साधनांची. बाटली, पुठ्ठा, सुतळी, सायकलचा पंप, शिसपेन्सिल आणि कोनमापक, यांपलीकडे काही लागत नाही. दुसरी गोष्ट पूर्वज्ञानाची, आणि येथे मणिबेलीची मुले शहरातल्या मुलांच्या पुढे आहेत. सातपुड्यातल्या भिल्ल मुलांना तिरकामठा परका नाही. तीर सरळ का जातो? पुढे लोखंडी टोक जड, मागे पिसे हलकी पण रुंद. तीर थोडा तिरपा झाला, की वारा मागच्या पिसांना ढकलतो आणि तीर पुन्हा रेषेवर येतो. हेच रोहिणीच्या पंखांचे तत्त्व. पुस्तकाच्या भाषेत सांगायचे, तर गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे हवा. मराठीत दिवाळीच्या रॉकेटला आपण ‘बाण’च म्हणतो, आणि मराठी फौजांत दारूचे बाण सोडणारे ‘बाणदार’ होते. म्हणजे भाषेलाही हे नाते ठाऊक आहे. ज्या मुलाने स्वतः तीर घडवताना पाहिला आहे, त्याला पंख का, हे शिकवावे लागणार नाही. शिक्षकाला त्याच्याकडून शिकता येईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. या गावाचे भवितव्य एका आकड्याशी बांधलेले आहे : १३८.६८ मीटर. वर्तमानपत्रांत ‘धरणाची उंची १३८.६८ मीटर’ असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक ही धरणाच्या भिंतीची उंची नव्हे. ती सरोवराची पूर्ण संचय पातळी आहे आणि ती समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. सर्वांत खोल पायापासून भिंतीची उंची १६३ मीटर आहे. एकाच धरणाचे दोन आकडे, दोन्ही बरोबर. फरक आहे तो शून्य कोठे धरले याचा. आधारपातळी न सांगता दिलेली उंची निरर्थक असते, हे मणिबेलीच्या मुलाला कळणे हा केवळ भूमितीचा प्रश्न नाही. घर कोणत्या पातळीवर आहे आणि पाणी कोणत्या पातळीपर्यंत येणार, या दोन आकड्यांचे शून्य एकच आहे ना, हे विचारता येणे म्हणजे कागदावरचा नकाशा वाचता येणे. ते ज्याला येते, त्याला दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर निमूटपणे मान डोलवावी लागत नाही.

आता बाटलीच्या बाणाकडे परत या. त्याची उंची मोजण्याची सोपी रीत अशी. उड्डाणाच्या जागेपासून ३० मीटर अंतरावर एक मुलगी कोनमापक घेऊन उभी राहते. कोनमापकाला मध्यभागी दोरा व खडा बांधलेला आहे. बाण सर्वांत उंच असताना कोन ४० अंश आला, तर ३० गुणिले ०.८४, म्हणजे सुमारे २५ मीटर. पण थांबा. कोन तिच्या डोळ्यापासून मोजला गेला. डोळा जमिनीपासून १.४ मीटर उंच असेल, तर तेवढे मिळवले पाहिजेत. आणि ती जर उतारावर, उड्डाणाच्या जागेपेक्षा दोन मीटर खाली उभी असेल, तर उड्डाणाच्या जागेपासूनची उंची काढताना ते दोन मीटर वजा केले पाहिजेत. सातपुड्याच्या उतारावर सपाट मैदान मिळणे कठीण. म्हणून आधारपातळीचा प्रश्न तेथे आपोआप उभा राहतो. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन जागांमधील फरक काढता येतो. शहरातल्या मैदानावर जी गोष्ट निसटून जाते, ती येथे टाळताच येत नाही.

आणखी एक जुळणी लक्षात घेण्याजोगी आहे. सरदार सरोवराची वीजनिर्मितीसाठीची किमान पातळी ११०.६४ मीटर आणि पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर; फरक २८.०४ मीटर. म्हणजे बाटलीचा चांगला बाण जेवढा चढतो, साधारण तेवढेच पाणी या दोन पातळ्यांमध्ये चढते-उतरते. ‘अठ्ठावीस मीटर’ हा आकडा मुलांना डोळ्यांनी दाखवायचा असेल, तर याहून चांगले साधन सापडणार नाही.

करताना

बाटली शीतपेयाचीच घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या पातळ बाटल्या दाबासाठी नसतात. उन्हात पडलेली, चुरगळलेली किंवा ओरखडे असलेली बाटली बाद करावी. पंख जाड पुठ्ठ्याचे, तीन किंवा चार, सारख्या मापाचे. टोक पुठ्ठ्याचे व मऊ. आत चिकणमातीचा गोळा. धातूचे काहीही लावू नये.

उडवण्याआधी दोन मध्य काढावेत. रिकामा बाण दोऱ्याने आडवा टांगून जेथे तोल साधतो तो गुरुत्वमध्य. मग बाणाची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून कापावी आणि ती पट्टीच्या धारेवर तोलावी; तो दाबमध्याचा स्थूल अंदाज. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे निदान एका व्यासाइतका असावा. नसेल तर टोकात माती वाढवावी किंवा पंख मोठे करावेत. पंख मोठे केले तर आकार मुळापासून ढळेल. माती वाढवली तर वजन वाढून उंची घटेल. कोणता मार्ग घेतला आणि का, हे वहीत लिहावे.

बूच बाटलीच्या तोंडात घट्ट बसवून त्यातून पाचएक मीटर लांबीची बारीक नळी काढावी. हवा परत न येऊ देणारा व्हॉल्व बुचात न बसवता पंपाकडच्या टोकाला बसवावा. म्हणजे बूच अडकले, तर कोणालाही बाटलीजवळ न जाता तेथूनच हवा सोडता येते. सर्वांनी पाच मीटरांपेक्षा दूर राहावे, पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा आणि बाण सरळ उभाच सोडावा. सरोवराच्या काठापासून दूरची जागा निवडावी, आणि बाण पाण्यात पडलाच तर तो गेला असे समजावे. त्यामागे कोणीही उतरू नये.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. बाटलीऐवजी दारूचा बाण करण्याचा मोह मोठ्या मुलांना होतो. शाळेत किंवा घरी दारू कालवणे, फटाक्यांतली दारू काढून वापरणे, हे जिवावर बेतणारे आहे. आणि परवान्याशिवाय स्फोटके बनवणे १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली गुन्हाही आहे. अमेरिकेत १९५७ मध्ये स्पुटनिकनंतर मुलांमध्ये बाण करण्याची लाट आली, तेव्हा हाच धोका उभा राहिला. त्यावर तेथे ऑरव्हिल कार्लाइल व हॅरी स्टाइन यांनी मार्ग रुजवला तो असा : इंधनाला मुलांनी हात लावायचा नाही, ते कारखान्यात तयार झालेल्या बंद नळीतून यायचे, मुलांनी फक्त बाण घडवायचा. आपल्याकडे पाणी आणि हवा हेच इंधन पुरेसे आहे.

उंचीचा पडताळा वेळावरूनही घेता येतो. बाण सुटल्यापासून जमिनीवर पडेपर्यंत साडेचार सेकंद लागले, तर निम्मा वेळ खाली येण्याचा, सव्वादोन सेकंद. त्यावरून उंची सुमारे २५ मीटर. घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदांचा फरक पडला, तर उत्तर दोन मीटरांहून थोडे अधिक बदलते. म्हणून तीन मुलांनी वेळ घ्यावी आणि तिन्ही आकडे लिहावेत; ‘बरोबर’ वाटणारा एकच निवडू नये. बाटली गिरक्या घेत सावकाश खाली आली, तर ही रीत उंची जास्त दाखवील, तेव्हा तशी नोंद करावी. मणिबेलीसारख्या ठिकाणी घरची भाषा वेगळी असते. निरीक्षणे मुलांनी आधी आपल्या भाषेत सांगावीत, मग मराठीत लिहावीत. ‘बाण डळमळला’ याला त्यांच्या बोलीत नेमका शब्द असेल, तर वहीत तोच राहू द्यावा.

आक्षेप आणि उत्तर

शिक्षक म्हणतील, एवढा वेळ कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु थर्मोकोलचा बाण करायलाही चार-सहा दिवस जातातच. शिवाय प्रमाण, घन, त्रिकोणमिती, दाब, संवेग, सरासरी हे सारे अभ्यासक्रमातलेच विषय येथे एकत्र येतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : परीक्षक देखणेपणाला गुण देतात. उडून आपटलेला, चिखल लागलेला बाण टेबलावर मांडला तर त्याला बक्षीस कोण देईल?

म्हणून शेवटची टीका शिक्षकांवर नाही, ती गुणपत्रिकेवर आहे. प्रमाणबद्ध बाणांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्पर्धकाला मूळ बाणाच्या मापांचा पुरावा द्यावा लागतो आणि प्रतिकृती उडवूनही दाखवावी लागते; नुसते दिसणे किंवा नुसते उडणे तेथे पुरत नाही. आपल्या तालुका व जिल्हा प्रदर्शनांत एवढे कडक व्हायचे कारण नाही. प्रत्येक प्रतिकृतीसमोर पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी सक्तीची केली तरी पुष्कळ. तिच्यावर चार ओळी असाव्यात : मूळ वस्तू व तिचे एक खात्रीचे माप, घेतलेले प्रमाण, मुळातले काय राखले व काय सोडले, आणि मोजलेली एक गोष्ट, तिचे शून्य कोठे धरले यासह. ही चिठ्ठी भरता आली, तर थर्मोकोलचा बाणही मानाने उभा राहील. ती भरता आली नाही, तर सोनेरी कागदाने काही झाकले जाणार नाही.

आणि ही चिठ्ठी जर मणिबेलीच्या एखाद्या मुलीच्या हस्ताक्षरात जिल्ह्याच्या प्रदर्शनात आली, ‘उंची २५ मीटर, आमच्या शाळेच्या ओट्यापासून’ अशी, तर परीक्षकांनी बाणावरचा चिखल पाहू नये. ‘ओट्यापासून’ हा शब्द पाहावा.